अळणी भाताचे तीन दिवस

तिडाने वाडग्याच्या तळाचा शेवटचा घास बोटांनी गोळा केला, तोंडात टाकला आणि दरवर्षीप्रमाणे तोंड वाकडं करून म्हणाली, "अळणी भात म्हणजे नुसता चिखल बाई. अजून एक दिवस काढायचाय."

तेवढ्यात अंगणातल्या आंब्याखालून तिच्या मुलाचा, सान्नाचा आवाज आला. तो दोन मित्रांबरोबर एका परातीत जेवायला बसला होता. "बिंकी, अगं मीठ संपलंय का घरातलं? सांगितलं असतंस तर आणलं नसतं का? हे काय रांधलंयस?"

तिडाचा हात वाडग्यात तसाच राहिला.

तिची सून बिंकी चुलीपाशी उकिडवी बसली होती. तिने बाहेर पाहिलं, मग चुलीवरच्या दोन पातेल्यांकडे आणि मग सासूने चाटूनपुसून रिकाम्या केलेल्या वाडग्याकडे. दोन्ही पातेली एकाच बाजारातली, झाकणंही एकसारखी. शेंगदाण्याचा रस्सा दोन्हींत तसाच दिसत होता. मीठ मात्र एकातच होतं.

बिंकी उठली. डब्यातलं मीठ मुठीत घेऊन बाहेर गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "संपलं नाही. विसरले." आत येऊन तिने सासूच्या हातातला वाडगा काढून घेतला आणि घासायला बसली. गेली एकवीस वर्षं या दोघींनी एकाच चुलीपाशी काढली होती. त्यात भांडणं झाली, हसणं झालं, दोन बाळंतपणं झाली. चाटूनपुसून स्वच्छ झालेला वाडगा बिंकी घासतच राहिली.

फालेन तेंदा गावापाशी गांबिया नदी धड नदीही नाही आणि धड समुद्रही नाही. पाऊस संपला आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला, की समुद्र हळूहळू नदीत चढायला लागतो. आंबे पिकायच्या वेळेला खाडीचं पाणी तोंडात धरवत नाही. मग वरच्या डोंगरांत पाऊस लागतो, इथेही लागतो, आणि खाली येणारं गोडं पाणी खाऱ्याला मागे रेटायला लागतं. कधी दिवसाला कोसभर रेटतं, कधी दोन दिवस जागचं हलत नाही. पश्चिमेचा वारा सुटला तर रेटलेलं खारं पुन्हा आत येतं. या रेटारेटीत भातखाचरांना पिता येईल असं पाणी वर्षातून चार महिने मिळतं. लावणी आठवडाभर आधी केली तर कोवळा तरवा, म्हणजे भाताची रोपं, करपतो. फार उशीर केला तर दाणा भरायच्या आत खारं परत येतं. म्हणून बांध फोडून भरतीचं पाणी खाचरांत घ्यायचा आणि लावणी सुरू करायचा एक दिवस ठरवावा लागतो. तो दिवस गावात एकच बाई ठरवते, आपल्या जिभेने. चौतीस वर्षं ती बाई तिडा होती.

चाखायच्या आधी तीन दिवस मीठ तोंडात घालायचं नाही, म्हणजे जीभ कोरी होते. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवशी, भरती पुरती चढून पाणी जागच्या जागी थबकलं, की होडीतून खाडीच्या मध्यावर जायचं आणि तळाचं पाणी चाखायचं. तळाचंच, कारण पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं. खारं जड, ते खाली दडी मारून बसतं. वरवर ओंजळ भरून पाहणारा फसतो. त्यासाठी लांब मानेचा एक तुंबा, म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा, होता. त्याला खाली दगड बांधलेला, तोंडाला लाकडी बूच आणि बुचाला वेगळी दोरी. तुंबा तळाला टेकला की दोरीला हिसका द्यायचा, बूच निघायचं आणि तळाचंच पाणी आत शिरायचं. हा तुंबा तिडाच्या सासूने, फिलिजेने, मरायच्या दिवशी तिच्या मांडीवर ठेवला होता. तो पुढे जायचा तो असाच, एकीच्या मरणानंतर दुसरीकडे. जिवंत बाईची जीभ तिच्याआधी मेली असं गावात कधी कुणी ऐकलं नव्हतं.

तिडाची मेली होती. कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत तिला ताप आला, आठ दिवस राहिला आणि जाताना चव घेऊन गेला. येईल परत, असं तिला वाटलं. चैन पडेना तेव्हा ती एकटीच खाडीवर जायची आणि तिवराचं पान उलटं करून चाटायची. तिवर पानातून मीठ बाहेर टाकतं, लहान पोरालाही ते कळतं. तिला नुसतं पान लागायचं. एकदा घरात कुणी नसताना तिने मिठाचा खडा जिभेवर ठेवला. खडा विरघळला, एवढंच कळलं.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. चौतीस वर्षांत तिला गावात दुसरं नाव असं उरलं नव्हतं. नवरा गेला होता, मुलगा कर्ता होता, घरातली सगळी कामं सुनेच्या हातात. पण पाऊस लागला की बायका दारावरून जाताना विचारायच्या, "काय म्हणतंय पाणी?" आणि ती ओट्यावर बसून म्हणायची, "थांबा अजून." तेवढ्यासाठी ती उरलेले आठ महिने ओट्यावर बसायची.

दुसऱ्या दिवशी बिंकीने अळणी भाताचं पातेलं मोठं चढवलं. तिडाने ते पाहिलं.

"एवढा कुणाला?"

"उरला तर मी खाईन," बिंकी म्हणाली.

संध्याकाळी पातेलं रिकामं होतं, आणि बिंकीने मीठ घातलेल्या पातेल्याला हात लावला नव्हता, हेही तिडाने पाहिलं. तिला आधी रागच आला. काही न विचारता, काही न बोलता ही पोरगी आपल्या बाजूला येऊन बसली होती. मग तिला एक जुनी सकाळ आठवली आणि रागाला धड बसायला जागा राहिली नाही.

बिंकी नदीच्या वरच्या अंगाची. तिच्या माहेरी नदी बारा महिने गोडी असते, तिथे पाणघोडे पाण्यात डुंबतात आणि बायका खारं पाणी म्हणजे काय ते विचारतात. लग्न होऊन आली ती ऐन उन्हाळ्यात. पहिल्या सकाळी विहिरीवर तिला पाणी दिलं, तिने घोट घेतला आणि सगळ्यांसमोर थुंकून टाकला. "यात मीठ आहे," म्हणाली. त्या विहिरीचं पाणी सगळा गाव पीत होता, कुणाला कधी काही लागलं नव्हतं. बायका इतक्या हसल्या की दोघींचे हंडे डोक्यावरून पडले. तेव्हापासून तिचं नाव गोडी पडलं. कालवणात मीठ जरा जास्त झालं की म्हणायच्या, गोडीला बोलवा. तिडा स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसली होती. पुढे पंधरा दिवसांनी ती विहीर खारट होऊन सोडून द्यावी लागली, तेव्हा गोडीला आधीच कळलं होतं हे कुणी बोललं नाही. तिडाच्या मनात तेव्हा आलं होतं. तीही बोलली नाही.

चाखायच्या दिवशी सकाळपासून बायका बांधावर जमल्या. पूर्वी या दिवशी तीस-बत्तीस होड्या निघायच्या, गाणी म्हणत, एकमेकींच्या होडीत पाणी उडवत. तेव्हा पाऊस आंब्यांच्या मागोमाग यायचा आणि लावणी इतकी लवकर व्हायची की पोरी तिच्यानंतर केसांच्या वेण्या नव्याने घालून नाचायला मोकळ्या असायच्या. मग सलग काही वर्षं पावसाने तोंड फिरवलं आणि खारं वर चढलं ते वरच राहिलं. त्यात मेलेल्या तिवरांचे खुंट अजून खाडीत उभे आहेत. आता होड्या सहा उरल्या होत्या. पोरी शहरात गेल्या होत्या. बांधावर उभ्या असलेल्या बायकांत पन्नाशीच्या आतल्या बिंकी धरून चार.

यंदा पाऊस महिनाभर उशिरा आला, पण आला तो नऊ दिवस धरून बसला. हंड्याहंड्याने पाणी घालून आधीच वाढवलेला तरवा गुडघ्याच्या वर गेला होता. सगळ्यांत उंच डुसूचा. डुसू आणि तिडा एकाच पावसाळ्यात या गावात सुना म्हणून आल्या, तेव्हापासून एकमेकींना शिव्या घालून बोलतात. बायकांच्या मंडळाची प्रमुख आता डुसू. पाण्यातलं मीठ मोजायचं एक यंत्रही सरकारी माणसाने तिच्याकडे दिलं होतं. ते फळीवर होतं, त्यातले सेल नातवंडांनी टॉर्चमध्ये घातले होते.

"तिडे," डुसू बांधावरून म्हणाली, "आज जर थांबा म्हणालीस तर हा तरवा मी तुझ्या घरावर शाकारीन."

"शाकार. घर गळतंच आहे माझं," तिडा म्हणाली आणि होडीत बसली. बिंकीने वल्हं घेतलं.

मध्यावर पोचल्या तेव्हा भरती थबकली होती. तिडाने तुंबा सोडला. दगड टेकला, तिने हिसका दिला, बुडबुडे वर आले. हे सगळं हातांना पाठ होतं. तिने तुंबा ओढून घेतला, तळहातावर पाणी ओतलं आणि तोंडात घेतलं.

पाणी गार होतं. चिखलाचा कण दातांखाली आला. बाकी काही नाही.

तिने डोळे मिटले नाहीत, नाहीतर बांधावरच्यांना शंका आली असती. ती इकडेतिकडे बघत राहिली. नऊ दिवसांचा पाऊस. पाण्याचा रंग तांबूस, म्हणजे वरून माती येते आहे. वरून पाणी येतंय म्हणजे गोड असणार. वारा पश्चिमेचा, पण फार नाही. तिवराच्या मुळांवर निवट्या मासळ्या उड्या मारत होत्या, त्यातून काही कळत नव्हतं. मनातल्या मनात तिने सगळं मांडलं आणि उत्तर आलं, गोड. गोडच असणार.

असंच एकदा तिने मांडलं होतं. मुलीचं लग्न ठरलं होतं, घरात तांदूळ हवा होता, पाण्याला ओढ होती आणि तुंबा तळाला टेकला की नाही हे नीट बघायला तिने वेळ घेतला नव्हता. गोड, म्हणाली. अकरा खाचरं पिवळी पडली, पहिलं डुसूचं. तिला कुणी बोललं नाही. डुसू फक्त एवढंच म्हणाली होती, "पुढच्या वर्षी तुंबा खोल सोड." आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या, जणू काही झालंच नव्हतं. तेच तिडाला सगळ्यात जड गेलं होतं.

बिंकी समोर बसली होती. वल्हं मांडीवर आडवं, नजर पाण्यात. ती सासूकडे बघतच नव्हती.

तिडाने तुंबा पुढे केला.

बिंकीने तो लगेच घेतला नाही. "आई, सगळ्या बघतायत."

"बघू दे. घे."

बिंकीने बांधाकडे पाठ केली, तुंबा कलता केला आणि पाणी तोंडात घेतलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग होडीच्या बाहेर थुंकली, अगदी त्या विहिरीवर थुंकली होती तशी.

"खारं आहे," ती हळूच म्हणाली. "थोडंच. पण तळाला आहे."

"नक्की?"

"नऊ दिवसांचं गोडं वर आहे. खाली अजून समुद्रच आहे, आई." मग ती आणखी हळू म्हणाली, "तुम्हीच सांगा त्यांना. मी कुणाला काही बोलणार नाही. दरवर्षी होडीत मीच असते. कुणाला कळायचं कारण नाही."

तिडाने तिच्याकडे पाहिलं. चार वर्षं, पाच वर्षं सहज गेली असती अशी. बायकांनी विचारलं असतं, काय म्हणतंय पाणी, आणि ती ओट्यावरून थांबा म्हणाली असती. आणि आपल्यानंतर तुंबा बिंकीकडे गेला असता तेव्हा बांधावरून कुणीतरी म्हटलं असतं, हिला काय कळतंय, ही गोडी.

ती होडीत उभी राहिली. होडी डगमगली, बिंकीने दोन्ही हातांनी कड धरली.

"गोड नाही," तिडा मोठ्याने म्हणाली. "पौर्णिमेच्या उधाणापर्यंत थांबायचं."

बांधावर गलका उठला. पंधरा दिवस. कुणी म्हणालं तरवा कंबरेला लागेल, कुणी म्हणालं वारा लवकर सुटला तर दाणा भरायचा नाही. तिडा गलका ओसरेपर्यंत उभी राहिली.

"आणि हे मी चाखलेलं नाही," ती म्हणाली. "हिने चाखलंय. आजपासून जीभ हिची."

बोलली ती डुसूच. "त्या पोरीला तर विहिरीचं पाणीसुद्धा खारट लागायचं."

"आणि कुठे आहे ती विहीर आता?" तिडा म्हणाली आणि खाली बसली. बिंकीने वल्हं मारायला सुरुवात केली.

ते पंधरा दिवस बरे गेले नाहीत. ओट्यावरून जाताना बायका तिडाला रामराम करावा तसं काहीतरी पुटपुटायच्या आणि पुढे जायच्या. पाण्याचं कुणी विचारत नव्हतं. बिंकीलाही विचारत नव्हतं. सान्नाने एकदा जेवताना आईला विचारलं की जीभ का सोडली, तेव्हा बिंकीनेच त्याच्या परातीत आणखी मासा वाढून त्याचं तोंड बंद केलं. डुसूने कोपऱ्यातलं एक लहान खाचर गुपचूप लावून टाकलं. गुपचूप म्हणजे सगळ्या गावाला दिसेल असं. सातव्या दिवशी त्या खाचराची पानं टोकांकडून पिवळी पडली. डुसू तिथून जाताना मान दुसरीकडे वळवायची. त्याबद्दल गावात कुणी एक शब्द काढला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बायका बिंकीला हाक मारून बोलायला लागल्या.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी बिंकीने आपल्यापुरता अळणी भात रांधला आणि चुलीपाशी बसली. तिडा येऊन समोर बसली आणि तिच्याच वाडग्यात हात घातला.

"तुम्हाला कशाला आता, आई?"

"सवय आहे," तिडा म्हणाली. "अळणी भात म्हणजे नुसता चिखल बाई."

पौर्णिमेला बिंकीने तुंबा सोडला, चाखलं आणि गिळलं. ती काही बोलायच्या आत बांधावरच्यांना कळलं. कुणीतरी जुनं गाणं धरलं, दोन ओळींतच ते विसरलं, मग दुसरीने भलतंच पुढे जोडलं आणि सगळ्या हसायला लागल्या. बांध फोडले. पाणी खाचरांत शिरलं आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत सगळ्या पाठी वाकल्या होत्या. तरवा इतका वाढला होता की शेंडे छाटून लावावा लागला.

पहिल्या दिवसाची लावणी आटपली की चाखणारीचं अळणी सोडवायचं असतं. प्रत्येक बाई येते आणि तिच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवते. चौतीस वर्षं बायका अशा तिडासमोर रांगेने आल्या होत्या. शेवटी शेवटी तोंड असं व्हायचं की दोन दिवस काही गोड लागायचं नाही. त्या संध्याकाळी रांग बिंकीसमोर लागली. बिंकी बांधावर बसली होती, पाय चिखलाने माखलेले, आणि दर चिमटीला डोळे घट्ट मिटून घेत होती. बायकांना त्याची मजा वाटत होती. जरा जास्त घाल गं, म्हणत होत्या, गोडीला कळू दे. तिडा थोड्या अंतरावर तुंब्याची दोरी गुंडाळत बसली होती. तुंबा आता बिंकीच्या घरात, म्हणजे तिच्याच घरात राहणार होता. दोरी मात्र ती अजूनही नीट लागलेली बघितल्याशिवाय उठणार नव्हती.

डुसू रांगेत सगळ्यात शेवटी होती. तिने बिंकीच्या जिभेवर मीठ ठेवलं, तिच्या डोक्यावर चिखलाचाच हात ठेवला आणि मग बांधावरून सावकाश चालत तिडापाशी आली. गुडघे धरत समोर उकिडवी बसली. तिच्या चिमटीत अजून मीठ होतं.

"काढ जीभ," डुसू म्हणाली.

"रांग तिकडे आहे."

"काढ म्हणते ना."

तिडाने जीभ बाहेर काढली. डुसूने चिमूट ठेवली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पलीकडे बायका तरव्याच्या रिकाम्या टोपल्या उचलत होत्या, सगळ्यांचं लक्ष इकडे होतं.

तिडाने डोळे मिटून घेतले. मग तिने नाक वर चढवलं, ओठ आवळले, खांदे उचलले आणि मान झटकली, सगळं जसं चौतीस वर्षं करत आली होती, जागच्या जागी आणि वेळच्या वेळी.

"खारट आहे का गं?" डुसूने विचारलं.

"फार," तिडा म्हणाली.

डुसूने बोटं लुगड्याला पुसली. मग ती तिथेच बसून राहिली आणि दोरीचं दुसरं टोक धरून तिला गुंडाळायला मदत करायला लागली.